मिठाची पोती आणि डेटा सेंटरची बॅटरी

हा भाग मी दौलताबादच्या किल्ल्यावर रेकॉर्ड केला, अंधारी ओलांडून वर आल्यावर एका पायरीवर बसून. ज्यांनी ऐकलाय त्यांना मागे वानरांचा दंगा आणि कुठल्यातरी शाळेच्या सहलीची आरडाओरड ऐकू आली असेल. सॉरी, पण वाऱ्यापुढे माझा साधा माइक काय करणार. खाली आहे ते त्याच भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो तिथे नीट केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आधी एक प्रश्न. समजा, तुम्ही टपरीवर चहा प्यायलात. क्यूआर स्कॅन केला, २० रुपये पाठवले, हिरवी टिक आली. आणि टिक आली त्याच सेकंदाला बँकेच्या डेटा सेंटरची लाईट गेली. तुमचे २० रुपये आता कुठे आहेत? तुमच्या खात्यात, चहावाल्याच्या खात्यात, की हवेत?

बहुतेक वेळा उत्तर असतं: चहावाल्याच्या खात्यात, एकदम सुरक्षित. पण हे 'बहुतेक वेळा' घडवून आणायला मागे केवढा खटाटोप लागतो, आणि तो कुठे फसतो, त्यावर आजचा भाग.

दौलताबादच का निवडलं? एक तर शहरापासून पंधराएक किलोमीटर, रविवारी येता येतं. दुसरं म्हणजे या किल्ल्याइतका 'रिडंडन्सी' हा शब्द कुणी दगडात कोरलेला नाही. तटबंदीच्या आत तटबंदी. मग खंदक. मग सरळ तासून काढलेला कडा, ज्यावर घोरपड सुद्धा टिकणार नाही. मग ती अंधारी, वळणावळणाची, जिथे दिवसा हात पुढे करून चालावं लागतं. एक थर फोडला तर पुढचा तयार. पाण्यासाठी हत्ती हौदासारखा अवाढव्य हौद. डेटा सेंटर डिझाइन करणाऱ्या माणसाला इथे आणलं तर तो म्हणेल, वा, सगळं डबल आहे.

तरी हा किल्ला पडला. दोनदा तर अशा कारणाने, ज्याचा तटबंदीशी फारसा संबंधच नाही.

पहिली वेळ १२९६. तेव्हा हे देवगिरी. अलाउद्दीन खिलजी अजून सुलतान व्हायचा होता. राजा रामचंद्र यादव, ज्यांना आपण रामदेवराय म्हणतो, ते गडावर होते आणि त्यांचं मोठं सैन्य मुलासोबत बाहेर गेलेलं होतं. वेढा पडला. फरिश्ता नावाचा इतिहासकार सांगतो की, गडावर घाईघाईने जी पोती चढवली होती ती धान्याची म्हणून चढवली होती. उघडली तर आत मीठ. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची ती पोती होती म्हणे. मिठावर किती दिवस काढणार? तह करावा लागला, प्रचंड खंडणी द्यावी लागली.

आता फरिश्ता लिहीत होता विजापुरात, आदिलशाहीत, आणि घटनेनंतर तीनएकशे वर्षांनी. त्यामुळे मिठाची गोष्ट शंभर टक्के अशीच घडली, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दुसऱ्या वेळेबद्दल मात्र वाद नाही. १६३३मध्ये मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला. आत निजामशाहीच्या बाजूने मलिक अंबरचा मुलगा फतेहखान. बाहेरच्या भिंती सुरुंग लावून पाडल्या, पण वरचा गड खाली झाला तो आतलं धान्य संपलं म्हणून. कडा तसाच्या तसा उभा होता. आजही आहे, मी त्याच्यासमोरच बसलोय.

(मधल्या काळात मुहम्मद तुघलकाने १३२७च्या सुमारास दिल्लीची राजधानीच इथे हलवली, ते तुम्हाला माहीत असेलच. आयटीवाले मित्र त्याला 'जगातलं पहिलं फेल गेलेलं डेटा सेंटर मायग्रेशन' म्हणतात. तो वेगळा भाग होईल.)

तर पोती लक्षात ठेवा, आणि आता परत तुमच्या २० रुपयांकडे.

गावाकडच्या किराणा दुकानदाराला बघितलंय ना, उधारी कशी लिहितो? दुकानात गर्दी असते तेव्हा तो मोठी खातेवही काढत बसत नाही. समोरच्या पाटीवर पटकन लिहितो, 'जा, लिहिलंय' म्हणतो, आणि गर्दी ओसरली की पाटीवरचं वहीत उतरवतो. मोठ्या कंपन्यांची, बँकांची स्टोरेज सिस्टीम अगदी हेच करते. वही म्हणजे डिस्क: कायमची, पण त्या मानाने हळू. पाटी म्हणजे कॅश मेमरी: प्रचंड वेगवान, पण वीज गेली की क्षणात कोरी. सर्व्हर म्हणतो, 'हे लिहून घे'. स्टोरेज ते पाटीवर लिहितं आणि लगेच 'लिहिलंय' असं कळवतं. तुमची हिरवी टिक त्या 'लिहिलंय'च्या भरवशावर येते. वहीत ते नंतर उतरतं.

म्हणजे काही क्षण असे असतात की टिक आलेली आहे, पण व्यवहार फक्त पाटीवर आहे.

म्हणून दोन गोष्टी करतात. एक, पाट्या दोन ठेवतात. मोठ्या स्टोरेजमध्ये दोन कंट्रोलर असतात. जणू दुकानात दोन भाऊ बसलेत, आणि दोघांनी आपापल्या पाटीवर लिहिल्याशिवाय 'लिहिलंय' म्हणायचं नाही. एका भावाला चक्कर आली तर दुसऱ्याकडे नोंद आहे. दोन, बॅटरी. आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी वाटायचं की, स्टोरेजच्या पोटातली ती बॅटरी लाईट गेल्यावर सिस्टीम चालू ठेवायला असते. तसं नाही. तिचं काम दुकान चालू ठेवणं नाहीच. तिचं काम एवढंच: शटर ओढायचं, नवीन गिऱ्हाईक घ्यायचं नाही, आणि अंधार व्हायच्या आत दोन्ही पाट्यांवरचं सगळं एका राखीव जागेत उतरवून ठेवायचं. काही मिनिटांचा खेळ. एकदा ते फ्लॅशवर किंवा राखीव डिस्कवर उतरलं की मग लाईट दोन तास येवो की दोन महिने, डेटा जागेवर आहे.

जुन्या सिस्टीममध्ये हे वेगळं होतं. तिथे बॅटरी पाटीलाच जिवंत ठेवायची, साधारण ७२ तासांपर्यंत. म्हणजे शुक्रवारी रात्री लाईट गेली आणि मंगळवारी आली, तर कल्याण. आता छोट्या कार्डांमध्ये बॅटरीऐवजी सुपर कपॅसिटर आणि फ्लॅशची जोडी येते. सर्व्हरसाठीच्या चांगल्या एसएसडीमध्येही असेच कपॅसिटर असतात, अगदी शेवटच्या श्वासात हातातलं काम संपवायला. लॅपटॉपच्या स्वस्त एसएसडीत सहसा नसतात. दोन्हींच्या किमतीत फरक का, याचं एक कारण हे.

हा झाला सर्वात आतला बालेकिल्ला. त्याच्या बाहेर यूपीएस, आणि त्याच्या बाहेर डिझेल जनरेटर. लाईट गेली की जनरेटर सुरू होऊन लोड घ्यायला काही सेकंद लागतात, कधी अर्धा मिनिट. कॉम्प्युटरला तेवढाही अंधार चालत नाही. तो मधला खड्डा भरायला यूपीएस. म्हणून त्याच्या बॅटऱ्या पाच-दहा-पंधरा मिनिटांच्याच असतात, तासांच्या नाही. शिवाय प्रत्येक स्टोरेजला दोन पॉवर सप्लाय, एक ए लाइनवर, एक बी लाइनवर. आणि मग आमच्या धंद्यातला नेहमीचा विनोद: दोन्ही वायरी मागे एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या. हसू नका, मी डोळ्यांनी बघितलंय. एकदा नाही.

आणि गरमी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो हे काही मी सांगायला नको. यूपीएसमधल्या लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २०-२५ अंशांवर मोजलेलं असतं. तापमान त्याच्यावर आठ-दहा अंश चढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे कागदावर पाच वर्षांची बॅटरी जिन्याखालच्या कोंदट खोलीत ठेवली तर दोन-अडीच वर्षांत म्हातारी होते. पण ती म्हातारी झाली हे बाहेरून दिसत नाही. हिरवा दिवा लागलेला असतो, व्होल्टेजही ठीक दिसतं. कळतं कधी, तर खरंच लाईट गेल्यावर.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेचं सपोर्टचं काम बघायचो. नाव सांगणार नाही, माणसं चांगली होती. एक सर्व्हर, आत चार डिस्क, बाहेर यूपीएस. दुपारी लाईट गेली. यूपीएस २० मिनिटांचा होता, चालला असेल ४० सेकंद. बॅटऱ्या बसल्या होत्या.

तरीही फार काही बिघडायला नको होतं, कारण डिस्कच्या कार्डावर स्वतःची छोटी बॅटरी असते, वर सांगितली तशी. ती आधीच मेलेली होती. बरं, कार्ड मूर्ख नसतं. बॅटरी गेली की ते आपणहून पाटी वापरणं बंद करतं आणि प्रत्येक नोंद थेट वहीत लिहायला लागतं. त्याने काय होतं, सिस्टीम हळू होते. पतसंस्थेत आठवडाभर तक्रार चालू होती, 'सॉफ्टवेअर स्लो झालंय'. तेव्हा कुणीतरी एक सेटिंग बदललं: बॅटरी असो वा नसो, पाटी वापर. सिस्टीम पुन्हा पळायला लागली, सगळे खूश. कार्डाने दिलेला इशारा आम्ही बंद करून टाकला होता. आम्ही म्हणतोय, कारण ते सेटिंग बदलणारा 'कुणीतरी' आमच्याच टीममधला होता आणि मी ते तपासलं नव्हतं.

लाईट आल्यावर सर्व्हर उठला, पण डेटाबेस उघडेना. अर्धवट लिहिलेल्या पानांमुळे फाइल खराब झाली होती. हरकत नाही, रोज रात्रीचा बॅकअप आहे. काढला. फाइल होती, तारीख बरोबर, आकार मात्र निम्मा. बाहेरची ड्राइव्ह भरली होती, त्यामुळे कॉपी दरवेळी मध्येच तुटायची, आणि सॉफ्टवेअर कोपऱ्यात एक ओळ दाखवून गप्प बसायचं. आदल्या दिवशीचीही तशीच. परवाचीही. पूर्ण उघडली ती चार दिवसांपूर्वीची.

चार दिवसांची पिग्मी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले, पानटपरीवाले रोज ५०-१०० रुपये एजंटकडे भरतात, ती पिग्मी. त्यांच्यासाठी ती दिवाळी असते, मुलीची फी असते. कॉम्प्युटरच्या मते चार दिवसांत कुणीच काही भरलं नव्हतं.

वाचवलं कुणी? पिग्मी एजंटांच्या डायऱ्यांनी. एक काका होते, मशीनवर नोंद करूनसुद्धा सवयीने खिशातल्या डायरीत निळ्या पेनाने लिहायचे. आम्ही तरुण पोरं त्यांना हसायचो. दोन रात्री बसून त्या डायऱ्या, बाकीच्यांच्या पावत्यांची स्थळप्रत आणि काउंटरची व्हाउचरं यांवरून सगळं पुन्हा भरलं. ती डायरी ना त्या यूपीएसवर चालत होती, ना त्या डिस्कवर, ना माझ्या सेटिंगवर. आम्ही त्या पतसंस्थेला जे विकलं होतं त्यातलं सगळं एकमेकांवर टेकलेलं होतं, काकांची डायरी सोडून.

हे छोट्या जागी होतं, मोठ्या ठिकाणी नाही, असं वाटत असेल तर मुंबईच्या दोन तारखा बघा.

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, ऑनलाइन परीक्षा अडकल्या. मुंबईसाठी अनेक दशकांपासून 'आयलँडिंग'ची व्यवस्था आहे, म्हणजे बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहराने स्वतःला वेगळं काढून स्वतःच्या विजेवर तगायचं. त्या दिवशी ती टिकली नाही. पण शेअर बाजार? एनएसई, बीएसई दोन्ही नेहमीसारखे चालू राहिले. यूपीएस, जनरेटर, सगळ्यांनी आपापलं काम केलं. कोट्यवधींच्या शहरात अंधार आणि बाजार बिनधास्त चालू.

२४ फेब्रुवारी २०२१. साडेचार महिनेही झाले नव्हते. वीज व्यवस्थित होती. आणि ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसईने व्यवहार थांबवले. पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला, पाच वाजेपर्यंत वेळ वाढवून. मधल्या काळात इंट्राडे करणाऱ्यांच्या पोझिशन अडकल्या. वेळ वाढणार हे माहीत नसल्याने काही ब्रोकरांनी त्या बंदही करून टाकल्या, आणि तोटा ज्याचा त्याच्या माथी.

झालं काय होतं? एनएसईने पुढे जे स्पष्टीकरण दिलं त्यात गोष्ट स्टोरेजपाशी येऊन थांबते. मुख्य डेटा सेंटरच्या जवळच दुसरी जागा होती, जिथे प्रत्येक नोंद त्याच वेळी लिहिली जायची. दोन भावांपैकी दुसरा भाऊ दुसऱ्या इमारतीत बसवलेला, असं समजा. हा भाऊ जवळच लागतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे १०० किलोमीटरवर जाऊन यायलाच एक मिलिसेकंद, आणि प्रत्येक नोंदीला तेवढं थांबणं परवडत नाही. दोन जागांना जोडायला दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या. एक तुटली तर दुसरी. पण रस्त्यावर खोदकाम चालू होतं, आणि दोन्हींच्या लिंक गडबडल्या. दोन कंपन्या, दोन बिलं, जमिनीखाली नशीब एकच.

तरीही बाजार थांबायला नको होता. स्टोरेजने काय करायचं होतं, तर 'दुसरा भाऊ सापडत नाहीये, ठीक आहे, मी एकटा लिहितो' म्हणून पुढे चालायचं होतं. डिझाइनमध्ये तसंच होतं. प्रत्यक्षात मुख्य जागेचं स्टोरेजच सर्व्हरना दिसेनासं झालं. त्याच्यावर रिस्क मॅनेजमेंट, क्लिअरिंग, सर्व्हेलन्स चालायचं. कोण किती उधारीवर खेळतोय हे बघणाराच आंधळा झाल्यावर बाजार चालू ठेवणं धोक्याचं. म्हणून बंद. आणि चेन्नईला लांबची डिझास्टर रिकव्हरी साइट असतानाही त्या दिवशी तिथे उडी न मारता मुख्य जागाच दुरुस्त करून बाजार उघडला गेला.

मला यात दोष काढण्यापेक्षा ही चेन्नईची उडी जास्त विचार करायला लावते. आपण त्या खुर्चीत असतो तर मारली असती का? ज्या गाडीत कधी भर रहदारीत बसलो नाही, ती लाखो लोकांच्या पैशासकट हायवेवर काढायची. मी पतसंस्थेत साधा बॅकअप उघडून बघत नव्हतो.

त्यानंतर सेबीने नियम आवळले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासात ती 'आपत्ती' म्हणून जाहीर करायची, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज डीआरवर हलवायचं. आणि मग आला २ मार्च २०२४, शनिवार. तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल, त्या दिवशी सुट्टी असून बाजार थोडा वेळ उघडला होता. सव्वानऊ ते दहा नेहमीच्या जागेवरून. मग साडेअकरा ते साडेबारा डीआर साइटवरून. खरे सौदे, खरे पैसे. मीम्स भरपूर आले, 'शनिवारीही लुटा' वगैरे. मला तो दिवस फार आवडला. गडावरची पोती शत्रू नसताना, दिवसाढवळ्या उघडून बघत होते.

जगात सगळीकडे हेच चित्र दिसतं, दोनच सांगतो. २०१२ला सँडी वादळात न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीत जनरेटर वर १७व्या मजल्यावर सुरक्षित, पण त्याला डिझेल चढवणारा पंप तळघरात, पाण्याखाली. लोकांनी रात्रभर जिन्याने बादल्या वाहिल्या आणि सर्व्हर चालू ठेवले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस बघितलेल्या मुंबईत आजही तळघरात जनरेटर ठेवणारे आहेत, त्यांनी हे वाचावं. आणि दक्षिण कोरियात, डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये, २६ सप्टेंबर २०२५ला यूपीएसच्याच लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. सहाशेहून जास्त सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइटची ड्राइव्ह जळून गेली. आकाराने फार मोठी म्हणून तिची बाहेर प्रत ठेवलेलीच नव्हती.

रेकॉर्डिंगच्या आधी एका श्रोत्याचा व्हॉट्सअॅप मेसेज आला होता: 'दादा, हे सगळं मोठ्या लोकांचं, आमचं काय? माझ्याकडे तर घरचे फोटो एका हार्ड डिस्कवर आहेत.' आज रात्री ती डिस्क काढ. नुसतं फोल्डर दिसतंय यावर जाऊ नकोस, आईबाबांच्या लग्नाचा एखादा फोटो पूर्ण उघडून बघ. एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालव. मग ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची प्रत कर, मामाकडे, आत्याकडे, कुठेही, फक्त त्याच कपाटात नको. आणि घरी इन्व्हर्टर असेल तर महिन्यातून एकदा मेन स्विच स्वतः बंद करून घड्याळ लाव. तो दोन तास चालतो असं बाबा सांगतात, ते कोणत्या सालचं आहे ते कळेल.

इथे वॉचमन काकांनी शिट्टी वाजवली, गड बंद व्हायची वेळ झाली. अंधारीतून खाली उतरायला टॉर्च लागणार, आणि फोनवर ७ टक्के. बॅगेतून पॉवर बँक काढली, बटण दाबलं. चारपैकी एकही दिवा लागला नाही. गेल्या महिन्यात चार्ज केली होती, असं मला पक्कं आठवत होतं. म्हणून मंडळी, हा भाग इथेच. मी सहलीच्या पोरांच्या मागे मागे उतरतोय, त्यांच्या गुरुजींच्या हातात बॅटरी आहे.